न जळालेले भांडार

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



'जर्मन पंडित' असा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर मॅक्स म्यूलर किंवा पॉल डॉयसन उभे राहतात. संस्कृतच्या या उपासकांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, वादही झडतात. परंतु जर्मन विद्यापीठांतून अरबी, हिब्रू आणि सिरियाक या भाषांचा तितकाच कसून अभ्यास करणारी दुसरी एक परंपरा होती. आज मी त्या परंपरेतील एका विद्वानाविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव गॉटहेल्फ बेर्गश्ट्रेसर.

त्यांच्यापूर्वीच्या एका नावापासून आरंभ करावा लागेल. थिओडोर नोल्डेके या तरुणाने १८६० साली 'कुराणाचा इतिहास' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस होते. नोल्डेके पुढे चौऱ्याण्णव वर्षे जगले, पण एकाही मुस्लिम देशात त्यांनी कधी पाऊल टाकले नाही! ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करण्याचे काम त्यांनी आपले शिष्य फ्रीडरिश श्वाली यांच्याकडे सोपविले. पहिला भाग १९०९ साली आला, दुसरा १९१९ साली. आणि त्याच वर्षी श्वाली निवर्तले. तिसरा भाग, म्हणजे कुराणाच्या संहितेचा इतिहास, बेर्गश्ट्रेसर यांच्याकडे आला.

हा मनुष्य नोल्डेकेंपेक्षा निराळ्या घडणीचा होता. १८८६ साली सॅक्सनीतील प्लाउएनजवळ त्यांचा जन्म झाला. लाइप्झिगला १९११ साली डॉक्टरेट मिळविल्यावर ते पूर्वेकडे निघाले. सीरिया आणि पॅलेस्टाइनमध्ये हिंडून त्यांनी तेथील अरबी बोलींचा भाषानकाशा तयार केला. दमास्कसजवळच्या मालुला गावी अरामी, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या काळची भाषा अजून बोलली जाते. तेथील कथा त्यांनी लोकांच्या तोंडून टिपून घेतल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इस्तंबूलच्या विद्यापीठात शिकवीत होते. त्यानंतर क्योनिग्सबर्ग, ब्रेसलाउ, हायडेलबर्ग आणि १९२६ पासून म्युनिक असा त्यांचा प्रवास झाला. हिब्रूचे व्याकरण, सेमिटिक भाषांची ओळख, ग्रीक वैद्यक अरबीत आणणाऱ्या हुनैन इब्न इसहाकवरील संशोधन, इस्लामी कायदा - एका आयुष्यात एवढे विषय कसे मावले, याचेच आश्चर्य वाटते.

१९२९-३० च्या हिवाळ्यात ते कैरोत होते. तेथे १९२४ साली राजा फुआद यांच्या काळात कुराणाची शासकीय छापील आवृत्ती निघाली होती. आज जगभर प्रचलित असलेला पाठ मुख्यतः तिच्याच वळणाचा आहे. ती कशी सिद्ध झाली, हे त्यांनी जाणत्यांना विचारून समजून घेतले. त्यांच्या ध्यानात आले की, जुनी हस्तलिखिते एकमेकांशी ताडून ही आवृत्ती तयार झालेली नाही. पठणशास्त्राच्या ग्रंथांवरून आणि गुरुमुखातून चालत आलेल्या परंपरेवरून ती सिद्ध झाली आहे. युरोपातील एखाद्या पंडिताने येथे नाक मुरडले असते. बेर्गश्ट्रेसर यांनी उलट त्या परंपरेचाच अभ्यास आरंभिला. पठणकारांपुढे बसून त्यांनी ऐकले, पठणाच्या चालींसह त्यावर लिहिले, आणि कुराणपाठकांचा एक जुना अरबी चरित्रकोश कैरोतच छापावयास घेतला. ज्यांनी वेदपाठशाळेत घनपाठ ऐकला आहे, त्यांना या कष्टांचे मोल निराळे सांगावयास नको.

त्यांचा खरा संकल्प मात्र याहून मोठा होता. कुराणाची जुन्यात जुनी हस्तलिखिते जेथे जेथे असतील, तेथे त्यांची छायाचित्रे घ्यावयाची, परंपरेत नोंदलेले सर्व पाठभेद गोळा करावयाचे आणि चिकित्सक आवृत्तीची सामग्री सिद्ध करावयाची. १९३० साली त्यांनी बव्हेरियन विज्ञान अकादमीपुढे ही योजना मांडली.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत त्याच सुमारास महाभारताचे असेच काम चालू होते. त्याचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली ही पद्धत आत्मसात केली होती. पद्धत एकच, मात्र सामग्रीत फरक होता. महाभारताच्या पोथ्यांत श्लोकच्या श्लोक, अध्यायच्या अध्याय कमी-अधिक आढळतात. कुराणाच्या जुन्या प्रतींत प्रश्न बहुतांशी लेखनपद्धतीचा, आयतांच्या मोजणीचा आणि शब्दांच्या वाचनाचा असतो. कारण आरंभीच्या अरबी लिपीत स्वरचिन्हे नव्हती आणि अक्षरांखालचे-वरचे नुक्तेही क्वचितच दिले जात. मान्यताप्राप्त पठणभेद मुस्लिम परंपरेने स्वतःच जतन केले आहेत. इब्न मुजाहिद यांनी दहाव्या शतकात सात पठणांची मांडणी केली, ती प्रसिद्धच आहे.

लायका कॅमेरा घेऊन बेर्गश्ट्रेसर आणि त्यांचे सहकारी ओट्टो प्रेत्सल कैरो, इस्तंबूल, पॅरिस, बर्लिन येथील संग्रहांत हिंडले. फिल्मच्या सुमारे ४५० गुंडाळ्या म्युनिकमध्ये जमा झाल्या.

त्याच वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. बेर्गश्ट्रेसर यांचा नाझींना ठाम विरोध होता. छळ होणाऱ्या ज्यू विद्वानांना त्यांनी साहाय्य केले. १६ ऑगस्ट १९३३ रोजी बव्हेरियातील वाट्झमान पर्वतावर चढाई करताना त्यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांचे वय सत्तेचाळीस होते. हा घातपात असावा, अशी कुजबुजही नंतर झाली. तिला पुरावा नाही.

काम प्रेत्सल यांनी पुढे नेले. नोल्डेकेंच्या ग्रंथाचा तिसरा भाग १९३८ साली पूर्ण झाला. पुढे महायुद्धात लष्करी सेवेत असताना १९४१ साली सेवास्तोपोलजवळ विमान कोसळून प्रेत्सलही गेले. एप्रिल १९४४ मध्ये अकादमीच्या इमारतीवर बाँब पडले. छायाचित्रांचे भांडार जळून खाक झाले, असे सांगितले गेले. बेर्गश्ट्रेसर यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी आर्थर जेफरी यांनी १९४६ साली जेरुसलेममधील व्याख्यानात ही हानी जाहीर केली आणि सर्व कार्य मुळापासून पुन्हा करावे लागेल, असे खेदाने नमूद केले.

प्रत्यक्षात भांडार जळालेच नव्हते! बेर्गश्ट्रेसर यांचे शिष्य आंटोन श्पिटालर यांच्याकडे ते सुरक्षित होते. श्पिटालर म्युनिकला प्राध्यापक झाले, नामवंत अरबीतज्ज्ञ म्हणून मान्यता पावले, आणि जवळजवळ अर्धशतक मौन राखून राहिले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी आंगेलिका नॉयविर्ट या विदुषीला खरी गोष्ट सांगितली आणि फिल्म्स तिच्या हवाली केल्या.

श्पिटालर यांनी हे भीतीपोटी केले, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गुरू गेले, सहकारी गेला, शहर बेचिराख झाले. एवढे ओझे आपल्याला पेलणार नाही, असे त्या माणसाला वाटले असावे. ते समजण्याजोगे आहे. पण मग दुसऱ्याच्या हाती द्यावयास हवे होते. सुकथनकर १९४३ साली अकाली गेले, तेव्हा बेलवलकर आणि त्यांच्यामागून वैद्य पुढे सरसावले आणि १९६६ साली महाभारताची आवृत्ती पूर्ण झाली. पुण्यात काम संस्थेचे होते. म्युनिकमध्ये ते एका कपाटात जाऊन बसले.

आणि कपाट बंद असले की बाहेर कथा वाढतात. मूळचे हैदराबादचे, पुढे पॅरिसला राहिलेले मुहम्मद हमीदुल्लाह आपल्या व्याख्यानांत सांगत की, म्युनिकला कुराणाच्या ४२ हजार प्रती ताडून पाहिल्या गेल्या आणि एकही पाठभेद निघाला नाही. ४५० गुंडाळ्यांशी हा आकडा कसा जुळावा? उलट बाजूला, या छायाचित्रांत इस्लामला हादरविणारे काहीतरी दडले आहे म्हणूनच ती लपविली गेली, असे रंगवून लिहिणारेही निघाले. फिल्म्स दोघांनीही पाहिल्या नव्हत्या. आपल्याला सोयीची वाटणारी कथा असली तरी तिच्याकडे याच नजरेने पाहिले पाहिजे, हे मी या बैठकीत मुद्दाम सांगतो.

बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमीने २००७ साली 'कॉर्पस कोरानिकुम' हा प्रकल्प हाती घेतला. नॉयविर्ट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या कामात त्या जुन्या फिल्म्स संगणकावर आणल्या गेल्या. त्या संग्रहाला गॉटहेल्फ बेर्गश्ट्रेसर यांचेच नाव दिलेले आहे.