प्लॉटची माती प्लॉटातच ठेवा
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण. बोलले तसं लिहून घेतलं आहे.)

दाव्याच्या कागदांचं सकाळी बोलून झालं. आता मातीचं बोलू. पावसात आपला ओढा लाल होतो. ती लाली आपल्याच प्लॉटांची. कागद हातात येईपर्यंत वर नुसता मुरूम राहिला, तर नाचणी कशात पेरणार?

घराजवळच्या वाडीपासून सुरुवात करा. काचेच्या बाटलीत पावभर माती घाला, वर पाणी ओता, खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती लगेच खाली बसते, तिच्यावर गाळ, आणि चिकणमाती बसायला दुसरा दिवस उजाडतो. कुजका पाला वर तरंगतो. काल चार घरची माती अशी पाहिली, तीन बाटल्यांत वर काहीच नव्हतं. अशा मातीत मिरची पिवळी पडते, मग आपण युरिया आणतो. रेताड उतारावर तो पहिल्या मोठ्या सरीत वाहून जातो. पैसे पण त्याच्याबरोबर.

आता राबाचं. म्हातारी माणसं रागावतील, पण बोलतो. राब भाजला की तणाचं बी मरतं, राख मिळते. आपली लाल माती आंबट, तिला राख मानवते. म्हणून भाताच्या रोपापुरता राब असू द्या. पण पाला जाळला की त्यातलं नत्र धुरात जातं. वाडीसाठी पाला कुजवा. सावलीत कमरेएवढा खड्डा घ्या. पातेरा, हिरवा टहाळ, शेण, मूठभर माती, असे थर द्या. पाण्याची टंचाई सगळ्यांना ठाऊक आहे, तर भांडी विसळलेलं पाणी त्यावर ओता. महिन्याने वरखाली करा. आता भरलात तर पावसाआधी खत होईल. जंगलातला सगळा पातेरा मात्र ओरबाडू नका, तिथल्या झाडांनाही तोच लागतो.

खत घातलं आणि बांध नसला तर खत पण ओढ्याला. बांध उताराला आडवा, सगळीकडे एका पातळीत पाहिजे. डोळ्याला ते कळत नाही. दोन सारखे बांबू वर बांधा, खाली फाकवा, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. चौकट उभी करून दोरी आडव्या काठीला लागते तिथे खूण करा, मग पाय अदलाबदल करून त्याच जागी परत खूण करा. दोन खुणांच्या मधोमध दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत.

आणि हे नीट ऐका. वनहक्काच्या नियमांत घर, जमिनीचं सपाटीकरण, बांध हे पुरावे धरले आहेत. एकाहून जास्त पुरावे लागतात, आणि कब्जा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे. म्हणून आजोबांचा जुना बांध फोडून त्याचे दगड नव्याला वापरू नका. पाहणीला समिती आली की तो बांध दाखवा, लिहून घ्यायला लावा. नवा बांध जुना म्हणून सांगू नका, त्यात खरा दावाही अडकेल.

पहिली चौकट रविवारी इथंच बांधू. घरटी एक बांबू आणा, दोरी माझ्याकडे आहे.