पाहुणा प्राध्यापक आणि घरचा विद्यार्थी

(ज्ञातिसंस्थेच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यापीठांनी परदेशांतील प्राध्यापकांस अध्यापनासाठी पाचारण करावे काय, आणि त्यापायी सार्वजनिक पैसा खर्चावा काय, हा प्रश्न आपल्या संस्थेच्या कक्षेबाहेरचा आहे असे कोणास वाटेल. परंतु त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे, म्हणून तो आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहोत.

मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग उघडला व तो पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितांच्या स्वाधीन केला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. पुढे नगररचनेचे मर्मज्ञ म्हणून त्यांची ख्याती झाली. १९२४ साली ते परत गेले. मग विद्यापीठाच्या पदरात काय उरले? उरले ते एका विद्यार्थ्याच्या रूपाने. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ साली मालवणास झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या या तरुणाची योग्यता गेडिस यांनी ओळखली. विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन घुर्ये इंग्लंडला गेले, केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून परतले आणि १९२४ साली त्याच विभागाचे प्रमुख झाले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे त्यांचे विद्यार्थी होत. पाहुणा गेला, पण विद्या घरात नांदू लागली.

केंद्र सरकारने २०१५ साली ‘ज्ञान’ नावाची योजना सुरू केली. परदेशी प्राध्यापकाने १२ ते १४ तास शिकविल्यास ८,००० डॉलरपर्यंत, व २० ते २८ तास शिकविल्यास १२,००० डॉलरपर्यंत रक्कम प्रवासखर्च व मानधन मिळून देण्याची तरतूद तीत करण्यात आली. हा आकडा ऐकून पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. गावच्या मुलास वसतिगृहाचे पैसे भरवत नाहीत आणि पाहुण्यासाठी डॉलर मोजावयाचे, हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यावर उपाय पाहुण्यास दार लावणे हा नव्हे. त्या मुलास पाहुण्यासमोर नेऊन बसविणे हा आहे.

गेडिस यांस पाच वर्षे मिळाली. आजच्या पाहुण्यास एकदोन आठवडे मिळतात. एवढ्या अवधीत समोर तयारीचा विद्यार्थी नसेल, तर व्याख्याने झडतील, हारतुरे होतील आणि खर्चाची पावती तेवढी दप्तरी राहील. असे वर्ग बहुधा मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांत भरतात. मंडणगडच्या वा राजापूरच्या मुलास तेथे पोहोचण्यात बुद्धीची उणीव आड येत नाही. गाडीभाडे, खोलीचे भाडे आणि वर्गाचे शुल्क आड येते.

म्हणून आमची सूचना अशी. संस्थेच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी काही रक्कम वेगळी काढून अशा वर्गास जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा खर्च उचलावा. परतल्यावर त्या विद्यार्थ्याने जे शिकले ते येथील महाविद्यालयांतील मुलांपुढे मराठीत मांडावे, एवढीच अट असावी.

आणखी एक. डॉ. घुर्ये यांनी १९३२ साली जातिसंस्थेवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्ञातिसंस्थांमुळे बळावणारा ज्ञात्यभिमान राष्ट्रभावनेस बाधक ठरतो, असे त्यांचे त्यात मत आहे. ज्ञातीच्याच संमेलनात हे ऐकणे सुखावह नाही. परंतु आपल्या भूमीतील विद्वानाचा गौरव करावयाचा आणि त्याचे म्हणणे वगळावयाचे, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून हे साहाय्य देताना अर्जदाराची ज्ञाती विचारू नये. त्याची तयारी आणि त्याची निकड पाहावी. आपल्या पैशाने परक्या घरचा मुलगा शिकला, तर आपली संस्था लहान होणार नाही.

ही सूचना सभेने विचारात घ्यावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.