घरच्या केकचे छायाचित्र

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात महिला विभागापुढे दिलेले व्याख्यान)



रुखवताची परंपरा आपणांस नवी नाही. सुबक चिरोटे, अनारसे, कानवले यांसाठी आपल्या आज्या-पणज्यांनी रात्री जागवल्या. परंतु मांडव उतरला की ते सारे कौशल्य पाहणाऱ्यांच्या आठवणीपुरतेच उरले. आज तोच वारसा केकवरील नक्षीत उतरला आहे. केकचे आयुष्यही घटकाभराचेच. सुरी फिरली की दिवसभराचे श्रम संपले. छायाचित्र तेवढे मागे राहते. ज्या भगिनी घरी केकच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्या बाबतीत तर ते थेट मिळकतीशी निगडित आहे. कारण गिऱ्हाईक चव घेण्यापूर्वी चित्रच पाहते. यास्तव या विषयाकडे केवळ हौस म्हणून पाहू नये, अशी माझी विनंती आहे.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. महागडा कॅमेरा हवाच असे नाही. हातातला मोबाईल पुरे. फ्लॅश मात्र लावू नये. समोरून आदळणारा प्रकाश क्रीमच्या पाकळ्यांमधील छाया पुसून टाकतो, आणि छाया गेली की उठाव गेला. केक खिडकीजवळ असा ठेवावा की उजेड एका बाजूने यावा. थेट ऊन पडत असल्यास खिडकीला पांढरे मलमलीचे कापड लावावे. दुसऱ्या बाजूस पांढरा जाड कागद उभा केला म्हणजे परतलेला उजेड अंधारी बाजू उजळतो. त्या वेळी घरातील दिवे बंद ठेवावेत. दिवसाच्या उजेडाचे वर्णतापमान सुमारे ५५०० केल्विन, तर पिवळ्या दिव्याचे सुमारे २७००. दोन्ही एकत्र आले की तेच शुभ्र क्रीम एका अंगाने पिवळे व दुसऱ्या अंगाने निळसर दिसते.

दुसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे, असे धरूनच कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चालतो. त्यामुळे पांढरा केक राखाडी आणि चॉकलेटचा केक फिकट उतरण्याचा संभव असतो. मोबाईलच्या पडद्यावर केकवर बोट टेकवून उजेडाची खूण पांढऱ्या केकसाठी किंचित वाढवावी, चॉकलेटच्या केकसाठी कमी करावी.

नक्षी वरच्या पृष्ठभागावर असेल तर चित्र नेमके वरून घ्यावे. केक मजल्यांचा असेल तर कॅमेरा त्याच्या मध्याच्या उंचीवर धरावा. फार जवळ जाऊ नये, नाहीतर पुढची कड फुगलेली आणि मागची आक्रसलेली दिसते. दोन पावले मागे सरावे. पाठीमागे डब्यांची फळी किंवा गॅसची शेगडी न येता साधे, एकरंगी कापड असावे. आणि चित्र घेण्यापूर्वी भिंग मऊ कापडाने पुसावे. स्वयंपाकघरातील तुपकट बोटाचा ठसा सारे चित्र धूसर करतो.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणखी एक अडचण येते. फ्रिजमधून काढलेल्या गार केकवर हवेतील बाष्पाचे थेंब जमतात. फाँडंट चिकट होते, गडद रंग ओघळतात. म्हणून सर्व मांडणी आधी करावी, केकच्या जागी उलटे पातेले ठेवून दोन चित्रे घेऊन पाहावीत, आणि केक अगदी शेवटी आणावा.

आता शेवटचा, परंतु सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यंत्राच्या साहाय्याने रंग भडक करणे सोपे झाले आहे. दुसरीच्या केकचे चित्र उचलणेही सोपे आहे. इतकेच नव्हे, तर कधी न केलेल्या केकचे चित्रदेखील आता यंत्राकडून तयार करून घेता येते. या मोहापासून आपण दूर राहावे. लेकराच्या वाढदिवशी चित्रातल्याहून निराळाच केक घरी आला, तर त्या घरच्या आनंदाचा विरस होतो. आणि बोल केवळ एकीला लागत नाही, घरी उद्योग करणाऱ्या प्रत्येक भगिनीवरचा विश्वास उणावतो. उजेड सुधारावा, मांडणी सुधारावी. पण जे हातांनी केले नाही ते चित्रात दाखवू नये. साधा केक नीट उजेडात ठेवला तर तोही देखणा दिसतो, याचा अनुभव आपण स्वतः घेऊन पाहावा.

आपल्या घरच्या प्रत्येक केकचे एक तरी खरे चित्र, तारीख व कृतीसह, वहीत जपून ठेवावे. रुखवताच्या बाबतीत जे राहून गेले, ते आपल्या लेकीसुनांच्या बाबतीत राहून जाऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.