शाळा जपायची म्हणजे काय जपायचं?

कुंभकोणम म्हटलं की आपल्याला देवळं आठवतात. पण तंजावरच्या मराठ्यांच्या या मुलुखात शाळाही तितक्याच मोलाच्या. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव जन्माने याच गावचे. इथलं टाउन हायस्कूल 1864 सालचं. श्रीनिवास रामानुजन इथे शिकले आणि 1904 मध्ये गणिताचं बक्षीस घेऊन बाहेर पडले. त्यांचं राहतं घर आज स्मारक आहे. शाळेचं तसं करून चालत नाही, तिथे रोज मुलं यायला हवीत.

मग जुनी शाळा दुरुस्त कशी करायची? जुन्या भिंती विटा-चुन्याच्या असतात. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा झिजतात, तुळयांची टोकं कुजतात. म्हणून चुन्याला चुनाच.

पण याच गावात 16 जुलै 2004 रोजी एका शाळेला आग लागली. वर शाकारलेलं छप्पर, खाली उतरायला अरुंद जिना. 94 मुलं गेली. ते विसरून वारशाच्या गप्पा मारता येणार नाहीत. दुसरा जिना, बाहेर उघडणारी दारं, नवं वायरिंग हवंच. त्यासाठी एखादी जुनी कमान फोडावी लागली, तरी फोडावी.

तुमच्या गावची जुनी शाळा बघायला जाल, तेव्हा नक्षी जरूर बघा. पण आधी बाहेर पडायच्या वाटा मोजा.