आधी शिक्षकाने शिकावे



कॅलिफोर्नियातील शाळांत ‘वांशिक समाजांचा अभ्यास’ हा विषय शिकवतात. १९६८-६९ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी सुमारे पाच महिने संप करून तो मिळवला. २०२१ साली राज्याने शाळांसाठी नमुना अभ्यासक्रम मंजूर केला व कायद्याने विषय सक्तीचा ठरवला. मात्र निधीच्या अटीवर. २०२५ च्या अंदाजपत्रकात तो निधी आला नाही. मग शिक्षकांना तयार कोणी करावयाचे?

ही तयारी म्हणजे नुसते पुस्तक वाचणे नव्हे, असे मला वाटते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वास अपात्र ठरवले. हा धडा शिकवताना वर्गातल्या एकुलत्या एका भारतीय मुलीकडे बोट दाखवून “तुझे काय मत, ग?” असे विचारले, तर ती बिचारी साऱ्या समाजाची वकील होऊन बसते. निकालपत्र सर्वांच्या हाती द्यावे. प्रश्न सर्वांना विचारावा. एवढे भान शिक्षकाला शिकवावेच लागते. ते आपोआप येत नाही, हे आपल्यातील शिक्षिका भगिनी जाणतातच.