वाघ पाहणारे आणि वाघ राखणारे
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पुस्तके राखणाऱ्या संस्थेने वाघ राखण्याविषयी बोलायला बोलवावे, याचे मला प्रथम नवल वाटले. मग ध्यानात आले की ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचे आणि वाघाचे नाते चांगले जुने आहे. ते अभिमानाने सांगावे असे नाही, एवढेच. शिवपुरी ही संस्थानची उन्हाळी राजधानी होती आणि तिच्याभोवतीचे रान शिकारीसाठी राखलेले होते. खुद्द माधव महाराजांनी १९२० मध्ये वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत एक मार्गदर्शिका लिहिली. आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबा-पणजोबांच्या तोंडून हाक्याची वर्णने ऐकायला मिळाली असतील. आमिष म्हणून रेडकू बांधायचे, सकाळी खबर आणणाऱ्याने वाघाने ते मारल्याची वर्दी द्यायची, मग गावोगावची माणसे गोळा करून तीन बाजूंनी रान उठवायचे आणि चौथ्या बाजूला मचाणावर पाहुण्यांनी बसायचे. वाघ नेमका मचाणासमोर यावा याची सगळी तजवीज दुसऱ्यांनी केलेली असे. पाहुण्याने फक्त चाप ओढायचा.

या सगळ्यात एक विपरीत गोष्ट घडून गेली. राजेरजवाड्यांनी शिकारीसाठी जी जंगले कुऱ्हाडीपासून वाचवली, तीच पुढे राष्ट्रीय उद्याने झाली. शिवपुरीचे माधव उद्यान, रीवा संस्थानचे बांधवगढ, जयपूरचे रणथंभोर, अलवारचे सारिस्का ही सारी पूर्वीची शिकारीची राने होत. वाघाला मारण्यासाठी राखलेले रान वाघाच्याच कामी आले. मात्र त्या रानात लाकूडफाटा, मध, मोहफुले गोळा करणाऱ्या माणसाला तेव्हाही मज्जाव होता आणि आजही आहे. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

वाघाची शिकार १९७० मध्ये बंद झाली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १ एप्रिल १९७३ रोजी नऊ अरण्ये घेऊन व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात आपल्या मध्यप्रदेशातले कान्हा होते आणि महाराष्ट्रातले मेळघाटही होते. बंदूक गेली आणि तिच्या जागी कॅमेरा आला. हे स्थित्यंतर निश्चितच चांगले होते. पण हाक्याची पद्धत मात्र पुरती गेली नाही. कान्हा आणि बांधवगढ येथे कित्येक वर्षे ‘टायगर शो’ नावाचा प्रकार चालत असे. पहाटे माहुतांनी हत्तीवरून वाघ हुडकायचा, तो बसलेला सापडला की हत्तींनी त्याला वेढून ठेवायचे, पर्यटकांना वर्दी जायची, आणि मग पाळीपाळीने एकेका कुटुंबाला हत्तीवर बसवून काही मिनिटे वाघ दाखवून आणायचा. पुढे हा प्रकार बंद झाला, हे बरेच झाले. माझ्या मते तो हाकाच होता. फक्त शेवटी गोळी सुटत नव्हती. पाहुण्याच्या अंगी काही कौशल्य, काही सबुरी असावी अशी अपेक्षा पूर्वीही नव्हती आणि याही वेळी नव्हती.

आज पर्यटन उघड्या जिप्सी गाड्यांतून होते. सकाळच्या फेरीहून परतणारी गाडी आणि निघालेली गाडी समोरासमोर आल्या की एकच प्रश्न विचारला जातो: ‘दिसला का?’ कोण, ते सांगावे लागत नाही. त्या गाडीने वाटेत सर्पगरुड पाहिलेला असतो, गव्यांचा कळप पाहिलेला असतो, पण उत्तर ‘नाही, काहीच नाही’ असे येते. वाटाड्याची आणि चालकाची बक्षिसी या उत्तरावर ठरते. मग चितळ ओरडले, वानराने खाकरून इशारा दिला की सगळ्या गाड्या त्या दिशेने धावतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी गाड्यांनी अडवून धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वाटाडे आणि चालक यांच्यावर कारवाई झाली; ती योग्यच होती. पण गाडीत बसून ‘आणखी जवळ घ्या’ म्हणणारे तुमच्याआमच्यासारखेच सुशिक्षित लोक होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

तरीही मी पर्यटनाच्या विरोधात आहे असे समजू नये. पर्यटनाची बाजू मांडणारे म्हणतात की डोळे असले की चोर येत नाही. जिथे पर्यटक फिरतात तिथे वाघ सुरक्षित राहतो. वरवर पाहता हे पटते. परंतु दोन घटना या म्हणण्याच्या आड येतात. सारिस्का दिल्लीपासून काही तासांच्या अंतरावर, पर्यटकांचे लाडके. २००४-०५ मध्ये ध्यानात आले की तिथे एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी सगळे संपवले. देशभर खळबळ उडाली, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. आणि एवढे होऊनही २००९ मध्ये आपल्याच राज्यात, खजुराहोच्या शेजारी पन्ना येथे तेच घडले. पर्यटक येत होते, गाड्या फिरत होत्या, कागदावर वाघ होते, रानात नव्हते. याचा अर्थ एवढाच की पाहणारा हा राखणारा नसतो. पर्यटक ठरावीक रस्त्यांनी, ठरावीक वेळी, उद्यानाच्या थोड्या भागात फिरतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न गेला तेव्हा काही महिने गाभाक्षेत्रातले पर्यटन बंदच होते. नंतर गाभ्याचा फार तर २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरावा असे ठरले. उरलेल्या ८० टक्क्यांत कोण फिरते?

तिथे वनरक्षक फिरतो, आणि त्याच्याबरोबर रोजंदारीवरचा पहारेकरी. पायी, हातात काठी घेऊन. १ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मध्यप्रदेशातली उद्याने पर्यटकांना बंद असतात. आपल्या दृष्टीने तो सुट्टीचा काळ. शिकारी टोळ्यांच्या दृष्टीने तो कामाचा काळ, कारण नाले भरलेले, गवत वाढलेले, वाटा मोडलेल्या. म्हणून पावसाळ्यातली गस्त सर्वांत महत्त्वाची. लोखंडी खटका पालापाचोळ्याखाली पुरलेला असतो. विजेच्या तारेवर आकडा टाकून शेताच्या कडेने नागडी तार सोडलेली असते. ती रानडुकरासाठी असली तरी वाघही तीत सापडतो. हे शोधायला नजर खाली जमिनीवर लागते. गाडीतल्या माणसाची नजर समोर, दूर, पट्टेदार कातडीच्या शोधात असते.

पन्नाची पुढची कथा मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण राखणे म्हणजे काय याचे इतके चांगले उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. मार्च २००९ मध्ये बांधवगढ आणि कान्हा येथून दोन वाघिणी आणल्या. तोवर पन्नातला शेवटचा नर नाहीसा झालेला होता. मग नोव्हेंबरमध्ये पेंचहून एक नर आणून सोडला. त्याला ‘टी-३’ म्हणत. थोड्याच दिवसांत हा वाघ पन्ना सोडून दक्षिणेकडे चालू लागला. पेंच दक्षिणेलाच आहे. त्याला घरची वाट कशी उमगली हे कुणी सांगू शकणार नाही, पण तो शेतांतून, गावांच्या कडेने, सागर-दमोहच्या बाजूने सुमारे महिनाभर चालत राहिला. क्षेत्रसंचालक श्रीनिवास मूर्ती यांच्या हाताखालची माणसे आणि हत्ती त्याच्या मागावर रात्रंदिवस होते. त्या महिन्यात त्याने माणसाला इजा केली नाही आणि माणसांनी त्याला केली नाही; थकलेल्या कर्मचाऱ्यांनी मधल्या गावांना शांत ठेवले, हे मला त्या वाघाच्या चालण्याइतकेच मोठे वाटते. डिसेंबरअखेर त्याला बेशुद्ध करून परत आणले आणि या वेळी त्याने रान सोडू नये म्हणून वाघिणीचे मूत्र ठिकठिकाणी शिंपडले. उपाय लागू पडला. एप्रिल २०१० मध्ये पन्नात बछडी जन्मली. आज तिथे पन्नासच्या पुढे वाघ आहेत. या सगळ्या कालावधीत पर्यटकाचा हातभार शून्य होता. अर्थात पन्नावरचे संकट पुरते टळलेले नाही. केन-बेतवा जोडप्रकल्पाच्या धरणात उद्यानाच्या गाभ्यातला मोठा भाग बुडणार आहे.

आता गावांविषयी. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २००६ मध्ये तो १४११ होता. मध्यप्रदेशात ७८५, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. आकडा आनंदाचा आहे, पण तो कोणाच्या जमिनीवर उभा आहे हेही पाहावे. कान्हातला बारशिंगा १९७० मध्ये अवघा ६६ उरला होता. तो वाचला, कारण त्याला गवताळ कुरणे मिळाली. आणि त्यांतली कित्येक कुरणे म्हणजे उठवलेल्या गावांची शेते होत. संध्याकाळी सौंफच्या मैदानावर बारशिंगे चरताना पाहून आपण ‘काय अस्पर्श निसर्ग!’ म्हणतो. तो अस्पर्श नाही. तिथे बैगा आणि गोंड राहत, नांगरत, भांडत, लग्ने लावत. बारशिंगा वाचायलाच हवा होता. त्याची किंमत त्यांनी मोजली आणि त्या मोबदल्यात त्यांना पुरेसे मिळाले असे म्हणण्याची माझी छाती होत नाही.

आपल्या श्योपूरजवळच्या कूनोची गोष्ट तर याहून चमत्कारिक. गीरचे सिंह आणायचे म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथली चोवीस गावे, मुख्यतः सहरियांची, बाहेर काढली. सिंह दिले गेले नाहीत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तरीही आले नाहीत. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आले. ज्या सहरियाने सिंहासाठी घर सोडले, त्याला चित्त्याचे काय कौतुक असणार?

पर्यटनाचे समर्थन करायचे तर ते इथे करता येते. प्रवेशशुल्काचा काही वाटा मध्यप्रदेशात गावांच्या समित्यांकडे जातो. वाटाडे आणि चालक स्थानिक असतात. पन्नात एके काळी शिकारीवर जगणाऱ्या पारधी समाजातले तरुण आज पाहुण्यांना पायी रानात नेऊन माग ओळखायला शिकवतात. ज्या विद्येने सापळा लावला जाई, तीच विद्या वापरून. मला ही गोष्ट कोणत्याही पंचतारांकित विश्रामगृहापेक्षा मोलाची वाटते. वाघामुळे ज्याची गाय गेली त्याला भरपाई वेळेवर मिळाली, ज्याच्या मुलाला वाघामुळे रोजगार मिळाला, तो माणूस विषप्रयोग करत नाही. इतका साधा हिशेब आहे. बहुतेक पैसा मात्र उद्यानाच्या दारातल्या आलिशान निवासांत थांबतो आणि तिथून शहराकडे परततो.

ग्रंथालयात बोलतो आहे म्हणून पुस्तकांविषयी थोडे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ आपल्या कपाटात आहे. २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. या दोघांनी मराठी वाचकाला रान पाहायला शिकवले, आणि त्यासाठी त्यांना पानोपानी वाघ लागला नाही. पाणवठ्यावर बसून राहणे, विष्ठा पाहणे, पक्ष्याचे नाव रानातल्या माणसाला विचारणे, ही त्यांची रीत. आज हीच पुस्तके वाचलेली मंडळी तीन दिवसांत सहा फेऱ्यांचे आरक्षण करून ‘चार वाघ झाले’ असा हिशेब सांगत परततात. मीही तसे सांगितले आहे. तेव्हा हा उपदेश नव्हे, कबुली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभाक्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरायला मनाई केली, तेव्हा कित्येकांना राग आला. मला सुटल्यासारखे वाटले.

शेवटी शिवपुरीकडे वळतो. माधव उद्यानात कित्येक दशके वाघाचा कायमचा वावर उरला नव्हता. मार्च २०२३ मध्ये तिथे बाहेरून वाघ आणून सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये ते देशातले अठ्ठावन्नावे व्याघ्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच वेळी उद्यानाच्या कडेला बांधलेल्या १३ किलोमीटरच्या दगडी भिंतीचेही उद्घाटन झाले. वाघ गावात शिरू नये, गुरे रानात जाऊ नयेत, हा तिचा हेतू. ग्वाल्हेरहून शिवपुरी सकाळी निघून दुपारपर्यंत पाहून परतण्याइतकी जवळ आहे, तेव्हा आपण सारे जाणार, यात शंका नाही. गेलात तर उद्यानाच्या फाटकावरून थेट परत न फिरता त्या भिंतीच्या बाहेरच्या एखाद्या गावात चहाला थांबा आणि यंदा किती गुरे गेली, भरपाई किती महिन्यांनी मिळाली, एवढे विचारा. उत्तरे लिहून आणलीत तर ती या ग्रंथालयातच नोंदवून ठेवावीत, अशी मी पदाधिकाऱ्यांना विनंती करतो. शिकारींच्या नोंदी आपल्या पूर्वजांनी चोख ठेवल्या होत्या.