कोणी केले आणि का केले : एका वाचकाचे चार शब्द

(मंडळाच्या ग्रंथालय विभागातर्फे भरलेल्या वाचक-सभेत केलेले भाषण)



‘यंदा काय वाचले ते चार लोकांसमोर सांगाल काय?’ असे ग्रंथालयाच्या चिटणिसांनी विचारले तेव्हा आमची मोठी पंचाईत झाली. मंडळाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. अशा वर्षी वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, निदान मराठी कादंबरीच्या वाटचालीचा आढावा तरी घ्यावा. आणि आम्ही तर सारे वर्ष खून वाचण्यात घालविले! तोंडी लावायला एका नटाचे आत्मचरित्र वाचले, तर त्यातही सुरा निघाला. तेव्हा जे वाचले तेच प्रामाणिकपणे सांगतो. विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये.

रहस्यकथांचे व्यसन आम्हांस बाबुराव अर्नाळकरांनी लावले. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही मंडळी भूगोलाच्या पुस्तकाआड दडून आमच्या घरात वावरत. पुढे नोकरीनिमित्त कोलकात्यास आलो आणि पाहतो तो काय, येथे हे व्यसन लपवावे लागतच नाही. ब्योमकेश आणि फेलूदा यांच्याविषयी येथील शेजारी आपल्या नात्यातल्या माणसांविषयी बोलावे तसे बोलतात. आपण दिवाळी अंकांची वाट पाहतो, ते पूजा-वार्षिकांची पाहतात, आणि त्या वार्षिकांतून फेलूदा घरोघर येत असे. या दोघांचे आपल्याशीही थोडे नाते आहे. मूर्तिचोरांचा माग काढीत फेलूदा थेट वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत पोहोचतो. ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय चित्रपटांसाठी मुंबईस गेले आणि पुढे पुण्यास स्थायिक झाले. बंगालच्या सर्वांत लाडक्या सत्यान्वेषीच्या अनेक कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या, हे येथील शेजाऱ्यांना सांगताना आम्हांस उगाचच अभिमान वाटतो.

आता अलीकडच्या पुस्तकांकडे वळू. अबीर मुखर्जी यांची ‘अ रायझिंग मॅन’ ही कादंबरी २०१६ साली आली. लेखक लंडनमध्ये जन्मलेले, स्कॉटलंडमध्ये वाढलेले आणि पेशाने हिशेबनीस, पण कथा १९१९ च्या कलकत्त्याची. महायुद्धातून होरपळून आलेला, अफूच्या आहारी गेलेला कॅप्टन विंडहॅम येथील पोलीस खात्यात रुजू होतो. काळ्या वस्तीतील एका गल्लीत एका बड्या गोऱ्या अधिकाऱ्याचे प्रेत सापडते आणि त्याच्या तोंडात कोंबलेली एक चिठ्ठी मिळते. विंडहॅमचा साहाय्यक सुरेंद्रनाथ बॅनर्जी केंब्रिजमध्ये शिकलेला आहे. साहेबांच्या जिभेला त्याचे नाव वळत नाही, म्हणून त्याचे ‘सरेंडर-नॉट’ करून टाकलेले आहे. हा विनोद पहिल्यांदा हसवितो आणि पुढे पुढे बोचू लागतो. ते लेखकास अभिप्रेतच असावे. तपास चालू असतानाच पंजाबातून जालियनवाला बागेची बातमी येते.

पुस्तक वाचनीय आहे. पण कोणी ना कोणी विंडहॅमला हिंदुस्थानचा इतिहास समजावून सांगत बसतो आणि तेवढा वेळ खुनी मोकळा राहतो, हे आम्हांस खटकले. रहस्याची उकल ठीक. शहर मात्र उत्तम उतरले आहे. ज्या रस्त्यांवरून आपण रोज जातो ते शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहण्यात मौज आहे. आपणही कधी काळी हावड्याला उतरलो तेव्हा असेच बावरून पाहत होतो.

सुजाता मॅसी यांची २०१८ ची कादंबरी आम्हांस याहून अधिक आवडली. आपल्याकडे ती ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ या नावाने निघाली आणि परदेशात ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या नावाने. काळ १९२१ चा. परवीन मिस्त्री ही तरुण पारशी मुलगी वडिलांच्या पेढीत सॉलिसिटर आहे. एक श्रीमंत मुसलमान गिरणीमालक मरण पावतो. त्याच्या तीन विधवा पडद्यात राहतात. तिघींनीही आपला हक्काचा पैसा धर्मादायास देण्याचे ठरविले आहे असे पत्र येते आणि परवीनला शंका येते. त्या बायकांशी समोरासमोर बोलणार कोण? कोणताही वकील, कोणताही फौजदार जनान्यात पाऊल टाकू शकत नाही. पुढे खून होतो तेव्हाही हीच अडचण. बंद खोलीतला खून हा रहस्यकथेचा जुना प्रकार, पण येथे खोलीला कुलूप नाही. रूढीच तिची भिंत झाली आहे, आणि त्या भिंतीतून आतबाहेर करू शकणारी शहरात ही एकच वकील आहे.

ही कल्पना निव्वळ कल्पना नव्हे. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची कामे पाहण्यात आयुष्य वेचले, आणि त्यांचे ते सरकारी काम या आपल्या कोलकात्यातूनच चाले. स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्यातील कायद्याची आडकाठी १९२३ साली दूर झाली. म्हणजे कादंबरीतल्या परवीनला कज्जाची कागदपत्रे तयार करता येतात, पण न्यायासनासमोर उभे राहता येत नाही.

मात्र आमच्या घरात या कादंबरीवर जी चर्चा झाली ती खुनावर झालीच नाही. ती परवीनच्या आधीच्या आयुष्यावर झाली. परवीनने मुंबई सोडून कलकत्त्याच्या एका पारशी घरात लग्न केलेले असते. सासर सधन आणि वरकरणी शिष्ट. पण महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत सुनेला एका कोंदट खोलीत कोंडून ठेवण्याची रीत. माहेर हजार मैलांवर. हा भाग वाचून आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘हे लिहिणारीला कोणी सांगितलं?’’ खुनी कोण हे त्यांनी शेवटपर्यंत विचारले नाही.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’विषयी थोडक्यात सांगतो, कारण अधिक सांगितले तर न वाचलेल्यांचे नुकसान होईल. मूळ पुस्तक २००५ चे. खून कोणी केला, कोणाचा केला आणि का केला हे सारे येथे आरंभीच वाचकाच्या डोळ्यांदेखत घडते. छळणाऱ्या माजी नवऱ्याचा एका बाईच्या हातून अंत होतो आणि शेजारी राहणारा अबोल गणितशिक्षक ते झाकण्याचे ठरवितो. सारे ठाऊक असूनही शेवटी आपण फसलो आहोत हे कळते. आम्ही पुस्तक उलटे चाळून पाहिले. कोठेही लबाडी सापडली नाही.

येथवर आमचे ठीक चालले होते. मग हाती आले नसीरुद्दीन शाह यांचे ‘अँड देन वन डे’. हे आत्मचरित्र २०१४ साली प्रसिद्ध झाले. नटांची आत्मचरित्रे बहुधा दुसऱ्याने लिहिलेली असतात. ती तशी नसली तरी वाचताना तशी वाटतात : बालपणीचे दारिद्र्य, गुरूंचे आशीर्वाद, पुरस्कारांची छायाचित्रे. हे पुस्तक त्यांनी स्वतः लिहिले आहे आणि ते वाक्यावाक्यातून जाणवते. नैनितालच्या शाळेतले कंटाळलेले पोर, वडिलांशी कधीच न जुळलेला सूर, मुंबईस केलेले पलायन, दिल्लीचे नाट्यविद्यालय, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. कोठेही स्वतःला गोंजारलेले नाही. पहिली पत्नी आणि तान्ही मुलगी यांच्याशी आपण कसे वागलो हे त्यांनी ज्या कोरड्या शब्दांत लिहिले आहे ते वाचताना अवघडल्यासारखे होते.

आणि या पुस्तकात तो प्रसंग आहे. ‘भूमिका’ चित्रपटाच्या दिवसांतला. नसीरुद्दीन आणि ओम पुरी एका उपाहारगृहात जेवायला बसले आहेत. विद्यार्थिदशेपासूनचा एक जिवलग मित्र, ज्याच्याशी आता बेबनाव झाला आहे, तेथे येतो. काही क्षणांनी पाठीत ठोसा बसल्यासारखे वाटते. तो ठोसा नसतो, सुरा असतो. दुसरा वार होण्याआधी ओम पुरी झेप घेतात, म्हणून हे पुस्तक लिहायला लेखक शिल्लक राहिला.

रहस्यकथेच्या वाचकाची दृष्टी वाईट. आम्ही मनात टाचण करू लागलो. हल्लेखोर ठाऊक, हत्यार ठाऊक, साक्षीदार समोर. बाबुरावांच्या धनंजयाला येथे कामच उरत नाही. पण ‘का?’ मत्सर म्हणावे, तर मत्सर कोणाला नसतो? सारेच सुरा घेऊन येत नाहीत. दोन मुले एकत्र शिकतात, एकत्र नट होण्याची स्वप्ने पाहतात, एकाला दारे उघडत जातात आणि दुसऱ्याला नाही. आम्ही ती पाने तीनदा वाचली आणि आमचे समाधान झाले नाही. कादंबरीत शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात बोलावून कोणी तरी ‘का’ची गाठ सोडवून दाखवितो. येथे ज्याच्या पाठीत सुरा गेला त्यालाच ती सुटलेली नसावी, असे आम्हांस वाटले. लेखकाने ओढूनताणून ती सोडविली नाही, याबद्दल आमचा त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

योगायोग पाहा. ‘भूमिका’ हा श्याम बेनेगल यांचा १९७७ चा चित्रपट एका मराठी आत्मचरित्रावरच आधारलेला. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपाने आले. अरुण साधू यांच्यापाशी हंसाबाईंनी ते सांगितले होते. ‘संत सखू’, ‘रामजोशी’ यांतली ही गुणी नटी स्वतःच्या घरातून निघून एका परक्या माणसाबरोबर मराठवाड्यातल्या खेड्यात जाते आणि तेथे अडकून पडते. का गेलात, असे विचारले तर बाईंना तरी सांगता आले असते काय? पुस्तक वाचून तरी तसे वाटत नाही. त्या काय घडले ते सांगतात, आणि पुढे सांगू लागतात.

या पुस्तकांवरून आमच्या वाचन-वर्तुळात दोन तट पडले. एका भगिनीचे म्हणणे असे की, आपले दोष जगापुढे मांडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, पण त्याबरोबर नवऱ्याचे, बायकोचे, मुलीचे आयुष्यही चव्हाट्यावर येते, त्याची परवानगी कोणी घेतली? आक्षेप बिनतोड आहे. दुसरी बाजू म्हणाली, तेवढे वगळले तर उरते काय? पुन्हा पुरस्कारांची छायाचित्रेच. आम्ही त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंना मान डोलाविली. घरी येऊन विचार केला तेव्हा कौल लिहिण्याच्या बाजूने दिला, पण एका अटीवर : लेखकाने सर्वांत कडक उलटतपासणी स्वतःची घ्यावी. शाह यांनी ती घेतली आहे. हंसाबाई स्वतःस निर्दोष म्हणवीत नाहीत आणि दुसऱ्यांवर खापर फोडून मोकळ्याही होत नाहीत. पण त्या तान्ह्या मुलीच्या वतीने आमचे मन अद्याप पूर्ण मानलेले नाही, हेही सांगून टाकतो.

आता एक तक्रार आणि एक विनंती. तक्रार अशी की, ग्रंथालयातील कित्येक रहस्यकथांच्या आरंभीच्या पानांवर कोणी तरी पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेविले आहे. हे कृत्य कोण करतो याचा तपास आम्ही करीत आहोत आणि अक्षरावरून संशय एका माननीय सभासदांकडे वळला आहे. विनंती अशी की, ‘सांगत्ये ऐका’ची मंडळाची प्रत नोंदवहीत कित्येक वर्षे ‘बाहेर’ आहे. ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती पुढच्या रविवारी, ग्रंथालयाच्या वेळात, मेजावर आणून ठेवावी. कोणी नेली आणि का नेली, हे विचारले जाणार नाही.